पंखा ब्रेडचं कटलेट

मेसमध्ये वरण उरलं तर ते दुसऱ्या दिवशी धपाट्यांच्या पिठात मुरवता येतं. पोळ्या उरल्या तर कुस्करा करता येतो. किस्से उरले की मात्र त्यांचं काहीच करता येत नाही, ते नुसते साठत जातात. जुन्या पोरी आता कुठं कुठं डॉक्टर झाल्यात, पण फोन केला की तब्येत विचारायच्या आधी म्हणतात, "काकू, ते कोंबडीचं सांगा ना." मग मी गॅस बारीक करते आणि पहिल्यापासून सुरू करते.

आमची मेस लातूरला, क्लासेसच्या भागात. म्हणजे जिथं झेरॉक्सच्या दुकानात चहा मिळतो आणि चहाच्या टपरीवर बायोलॉजीच्या नोट्स मिळतात, तिथं. मेस दोघींची, माझी आणि नसीम आपांची. घर आपांचं. त्यांच्या माहेरी तीन पिढ्या बेकरीत गेल्या, भाऊ अजून बेकरी चालवतो. मी किल्लारीजवळच्या खेड्यातली, भूकंप झाला तेव्हा सहावीत होते. रोजचं जेवण माझ्याकडं, रविवारचं मटण-चिकन आपांकडं. शाकाहारी पोरींची कढई आणि झारा वेगळा, त्याला कुणी चुकून हात लावला तर आपाच जास्त ओरडतात.

त्या वर्षी आमच्याकडं मुखेडची पल्लवी होती. रिपीटर. म्हणजे नीट, ती डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा, एकदा देऊन झालेली, दुसऱ्यांदा देणारी. पोरगी हुशार, शांत, आणि ताट जसंच्या तसं परत करणारी. आधी मला वाटलं माझ्या आमटीत दोष आहे. मग बघितलं तर तिची सलवार दोरीनं आवळून आवळून कमरेला चुण्या पडलेल्या. मी घाबरून तिच्या वडिलांना फोन केला. त्यांची मुखेडकडं शेती, माणूस कमी बोलणारा. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, नंबर लागंल, न्हाई तर न्हाई. पोरगी राह्यली पाहिजे. म्हैनाअखेरच्या रविवारी जीप घेऊन येतो, सामान बांधून ठेवा."

आता झाली ना पंचाईत! फोन मी केला होता, आणि पोरीचं शिक्षण माझ्यामुळं बंद पडणार होतं. हातात तीन रविवार होते. मी आणि आपांनी ठरवलं, ही पोरगी जेवली पाहिजे, मग ती काय मागेल ते करू.

* * *

पण मागेल तर ना! "काय खावंसं वाटतं?" असं विचारलं की पल्लवी म्हणायची, "काही पण." काही पण केलं की ते ताटात राहायचं.

क्लासेसच्या पोरींना साधा प्रश्न विचारून उपयोग नसतो, त्यांना पर्याय लागतात. मी एक दिवस तिच्यासमोर बसले आणि रीतसर पेपर काढला. ए, पिठलं. बी, अंडाकरी. सी, खिचडी. डी, यापैकी नाही.

"डी," ती पटकन म्हणाली. आणि मग स्वतःच कसनुशी हसली.

डीचं स्पष्टीकरण मागितल्यावर तिच्या मैत्रिणीनं मोबाईल काढला. त्यावर कुठल्या तरी जपानी मालिकेतला तुकडा होता. नोकरी गेलेली एक बाई एकटीच हॉटेलात बसते, तिच्यासमोर तळलेल्या कोंबडीचा एक सोनेरी चपटा तुकडा येतो, ती दाताखाली तो चावते आणि कर्रकन आवाज होतो. बस. पल्लवीनं म्हणे ते वीसेक वेळा बघितलं होतं.

"काकू, आवाज ऐका," ती म्हणाली. आठवड्याभरातलं तिचं हे सगळ्यात मोठं वाक्य.

"काय म्हणतात ह्याला?" आपांनी विचारलं.

"चिकन कात्सु," मैत्रीण म्हणाली. "कटलेटचंच जपान्यांनी कात्सु केलंय."

"मग सीधं कटलेट म्हण की," आपा म्हणाल्या. "मी घाबरले ना."

* * *

पहिलं घोडं अडलं ते चिकनच्या दुकानात. आमचे गफूरभाई तीस वर्षं एकाच मापाचे तुकडे करत आलेत, रश्शाचे. मी सांगितलं, छातीचं मांस द्या, हाड काढून, सलग, हाताच्या पंजाएवढं. त्यांनी मान डोलावली. सुरीनं असं सुंदर सलग मांस सोडवलं की मी बघतच राहिले. आणि पिशवीत घालायच्या आधी सवयीनं खट-खट-खट, चौदा तुकडे!

दुसऱ्यांदा मी आधीच ओरडले. त्यांनी सुरी वरच्या वर थांबवली, पण चेहरा दुःखी झाला. "एवढा मोठा तुकडा? मसाला आत जाणार कसा, ताई?"

मी म्हटलं, मसाला नसतोच त्यात. नुसतं मीठ आणि मिरेपूड.

त्यांनी शेजारच्या दुकानदाराकडं बघितलं. मग हळूच विचारलं, "घरात कुणी आजारी हाय का?" आणि बोलता बोलता सुरी खाली आलीच, खट-खट.

तिसऱ्यांदा त्यांनी सलग मांस ओट्यावर ठेवलं, सुरी माझ्या हातात दिली आणि स्वतः हात मागं बांधून उभे राहिले. "तुम्हीच उचला, ताई. माझा हात ऐकत न्हाई." त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा अखंड चिकन मिळालं.

* * *

मग ब्रेडचा चुरा. बेकरीवाल्यांच्या घरात चुऱ्याची काय कमी! आपांनी भावाकडून टोस्ट आणले, कुटले, चिकन अंड्यात बुडवून त्यात घोळवलं आणि तळलं. रंग असा आला की मी मनातल्या मनात पल्लवीच्या बाबांची जीप परत पाठवली.

पोरींनी पहिला घास घेतला आणि सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. आपांच्या भावाचे टोस्ट प्रसिद्ध आहेत, ते त्यातल्या साखर-वेलदोड्यासाठी. कोंबडीचा शिरा खाल्ल्यासारखं लागत होतं. पल्लवीनं भलेपणानं अर्धा तुकडा संपवला, एवढंच.

"आपा, असा चुरा नाही," तिनं जाता जाता सांगितलं. "जपानी लोक पँको ब्रेड वापरतात."

ती क्लासला पळाली. मी भाजी आणायला गेले. दुपारी परत आले तर जेवणाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. टेबलं भिंतीला लावलेली, जमिनीवर धुतलेल्या पांढऱ्या चादरी, चादरींवर कडा काढून किसणीवर किसलेला ब्रेडच ब्रेड, आणि वर तिन्ही पंखे पाच नंबरवर. ब्रेड खोलीभर उडत होता. आपा कोपऱ्यात स्टुलावर बसून राखण करत होत्या, भुवया पांढऱ्या झालेल्या.

"आपा, हे काय?"

"पंखा ब्रेड," आपा म्हणाल्या. "ती बोलून गेली ना. मी भावाला फोन लावून विचारलं, पंखा ब्रेड कसा करतात? तो म्हणाला, आपल्याकडं भट्टी असते, पंख्याची भानगड आपल्याला माहीत नाही. मग म्हटलं, पंखा तर आपल्याकडं आहेच."

मी कपाळाला हात लावला. पंखे एक नंबरवर आणले आणि दोघी मिळून उडालेला ब्रेड गोळा करत बसलो. मधल्या सुट्टीत जेवायला आलेल्या पोरी तशाच डोक्यावर चुरा घेऊन क्लासला परत गेल्या. तिथं म्हणे सरांनी पुढच्या बाकाला केसांतल्या कोंड्यावर पाच मिनिटं ऐकवलं.

पल्लवी संध्याकाळी आली. तिला प्रकार कळला आणि ती भिंतीला टेकून हसायला लागली, हसता हसता खालीच बसली. या पोरीला हसताना आवाज येतो हे मला तेव्हा कळलं. मग डोळे पुसत तिनं चादरीवरचा चुरा मुठीत घेतला, चोळला, उजेडात धरून बघितला. हलका, कोरडा, मोठ्या मोठ्या पापुद्र्यांचा.

"आपा," ती म्हणाली, "हाच हाय तो."

पँको म्हणजे तेच निघालं. पांढरा ब्रेड, कडा काढलेला, किसून वाळवलेला. तेव्हापासून आमच्याकडं त्याला पंखा ब्रेडच म्हणतात. आपांनी मात्र त्या दिवसापासून, आपल्याला आधीच माहीत होतं, असा पवित्रा घेतला तो आजपर्यंत सोडलेला नाही.

* * *

आता ते भूकंपाचं.

वरच्या मजल्यावर बिराजदार सर आणि त्यांच्या मिसेस भाड्यानं राहायचे. सर किल्लारीकडच्या शाळेतून निवृत्त झालेले, शाकाहारी, पण आमच्या रविवारबद्दल त्यांची कधी तक्रार नसायची. खिडकी लावून घ्यायचे आणि सोमवारी स्वतःहून विचारायचे, "काल कसं झालं?"

तर चिकन सगळीकडून सारखं शिजावं म्हणून ते कुटून चपटं करावं लागतं. आपांनी त्यासाठी खलातला लोखंडी बत्ता काढला. आपांना एका कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळं त्यांचं कुटणं भरघोस असतं. दुपारची वेळ, सर वर आडवे झालेले. खाली धप, धप, धप सुरू झालं आणि वर सरांच्या फळीवरच्या कपबशा वाजायला लागल्या.

सर जिन्यातूनच ओरडले, "बाहेर! सगळे बाहेर या!"

मी तेव्हा मागच्या खोलीत तांदूळ निवडत होते. आपा चिकन कुटतायत हे मला पक्कं माहीत होतं, मीच त्यांना बत्ता काढून दिला होता. पण तो आवाज ऐकला आणि पाय माझे राहिले नाहीत. पल्लवी पलीकडं पुस्तक घेऊन बसली होती, तिचं मनगट धरलं आणि पळाले. सगळ्या पोरी रस्त्यावर, शेजारची दोन घरं रस्त्यावर, सर बनियनवर. सर बोटानं पोरी मोजत होते, परत परत मोजत होते. आत धप, धप चालूच.

"धक्के थांबना झालेत," सर म्हणाले.

तेवढ्यात धप-धप थांबली आणि दारात आपा आल्या, हातात बत्ता. "काय झालं? भूकंप झाला का?"

सरांनी बत्त्याकडं बघितलं. "हाव," ते म्हणाले, "तुम्ही केला."

रस्ताभर हसू फुटलं. मीही हसले, पण माझ्या हातातलं पल्लवीचं मनगट काही सुटेना. सर पायरीवर बसले. पल्लवीनं त्यांना पाणी आणून दिलं आणि शेजारी बसली. मग सर तिच्याशी बोलले, मी मागं उभी होते म्हणून ऐकू आलं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये ते कितीतरी दिवस जेवले नव्हते. शाळेतली निम्मी पोरं गेली होती, मास्तरनं कुठल्या तोंडानं जेवायचं असं त्यांना वाटायचं. "मग एक पोरगं ताट घेऊन आलं," सर म्हणाले. "म्हणलं, सर, तुम्ही जेवंना गेलात म्हणून आम्ही पण थांबलोय. तवा कळलं, आपली भूक एकट्याची नसती."

पल्लवीनं सरांच्या हातातला रिकामा पेला घेतला. उठली, आत गेली आणि आपांना म्हणाली, "बत्ता माझ्याकडं द्या."

तेव्हापासून आमच्याकडं नियम झाला. कुटायच्या आधी आपा जिन्याखाली उभ्या राहून हाक मारतात, "सर, मैं कूट रही हूँ." वरून उत्तर येतं, "कुटा." मगच पहिला बत्ता पडतो.

* * *

पल्लवीनं हातात घेतल्यावर कात्सुची लॅबोरेटरी झाली. तीन ताटं ओळीनं, मैदा, फेटलेलं अंडं, पंखा ब्रेड. पहिल्या दिवशी सगळ्या पोरींच्या बोटांवर अंडं आणि ब्रेड चढून चढून बोटंच तळायच्या लायकीची झाली. मग पल्लवीनं शिस्त लावली, डावा हात फक्त कोरड्याला, उजवा फक्त ओल्याला. पोरी त्याला लेफ्ट हँड रूल म्हणायला लागल्या. एकीनं तो चुकून फिजिक्सच्या टेस्टमध्ये लिहिला असं सांगतात, पण ते मी बघितलेलं नाही.

तेल तापलं का बघायला ती ब्रेडचा एक कण टाकायची. तळाशी जाऊन बसला तर थांबायचं, टाकताक्षणी काळा पडला तर गॅस कमी करायचा, जरा बुडून लगेच फसफसत वर आला की चिकन सोडायचं. एवढं कळायला आम्ही दोन रविवार करपवले होते.

सॉस आम्ही आपल्या बुद्धीनं केला. चिंचेचा कोळ, गूळ, टोमॅटो सॉस. आपांनी माझी पाठ वळल्यावर त्यात चिमूटभर काळा मसाला टाकला. मी विचारलं तर म्हणाल्या, "पडला." पोरींनी वाटी पुसून खाल्ली. जपानला कळवायची गरज नाही असं सगळ्यांनी ठरवलं.

शाकाहारी पोरींसाठी वेगळ्या कढईत सुरणाच्या चकत्या, अंड्याऐवजी मैद्याची पातळ भिजवण. एक ताटली वर सरांना पाठवली. थोड्या वेळानं सर स्वतः रिकामी ताटली घेऊन खाली आले. चवीबद्दल एक शब्द नाही. "आवाज चांगला हाय," एवढंच म्हणाले आणि ताटली पुढं करून उभे राहिले.

* * *

सगळं झालं, पण मूळ दुखणं तिथंच होतं. पल्लवी करायची, वाढायची, बाकीच्यांना आग्रह करायची, आणि स्वतः कोपऱ्यातला एक तुकडा चघळत बसायची. पोट भरलं म्हणायची.

शेवटच्या रविवारच्या आधी मी तिला गाठलंच. भांडी पुसत होतो दोघी. मी सरळ विचारलं, काय अडलंय तुझं?

तिनं पुसलेलं झाकण परत पुसायला घेतलं. मग म्हणाली, मागच्या वर्षी पेपर झाल्यावर तिनं आन्सर की बघून मार्क मोजले होते. सीट नक्की असं वाटलं. बाबांना सांगितलं. बाबांनी गावात घरोघरी जाऊन स्वतःच्या हातानं पेढे वाटले. मग कटऑफ वर गेला आणि सीट हुकली. बाबा तिला एका शब्दानं बोलले नाहीत. पण तेव्हापासून गावातून ते खाली मान घालून जातात, असं आई फोनवर बोलून गेली.

"घास घेतला की ते पेढे आठवतात, काकू," ती म्हणाली. "नंबर लागल्यावर जेवीन मी पोटभर."

मी तिच्या हातातलं झाकण घेतलं आणि तिला जवळ घेतलं. मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला, त्या बिचाऱ्या पेढ्यांचा.

* * *

आणि तो रविवार आला. जीप दहा वाजताच दारात. ड्रायव्हरनं मागचं फाळकं पाडलं, कॉट बांधायला दोरखंड काढला आणि बिडी पेटवून उभा राहिला. पल्लवीचे बाबा आत आले. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हातात पिशवी. मी पाणी दिलं आणि पेढ्यांचं हळूच त्यांच्या कानावर घातलं. पोरीचं सामान मी बांधलेलंच नव्हतं, पण ते कसं सांगावं कळेना. ते म्हणाले, "कुठंय पल्ली?"

मी स्वयंपाकघराकडं हात केला. पल्लवी कढईसमोर उभी होती, तिला बाबा आल्याचं कळलं नव्हतं. डाव्या हातानं ब्रेड दाबत होती, कण टाकून तेल बघत होती, मागं वळून पोरींना ओरडत होती की हात बदला. बाबा दारात थांबले. किती तरी वेळ नुसते बघत राहिले. मग जेवणाच्या खोलीत जाऊन सतरंजीवर बसले.

तिनं ताट आणलं आणि त्यांना बघून तिचा चेहरा उतरला. तिनं ते ताट त्यांच्यापुढं ठेवलं. कटलेट, बारीक चिरलेला कोबी, भात, वाटीत सॉस.

"तुझं?" बाबा म्हणाले.

ती गेली आणि स्वतःचं ताट घेऊन आली. त्यात तो नेहमीचा कोपऱ्यातला तुकडा. बाबांनी ताटाकडं बघितलं, तिच्या मनगटाकडं बघितलं. स्वतःचं कटलेट हातानं मोडलं. अख्ख्या खोलीत तो आवाज आला. मोठा अर्धा भाग त्यांनी तिच्या ताटात ठेवला.

"पल्ले," ते म्हणाले, "पेढे म्या वाटले व्हते. तू कामून उपाशी राहून राह्यली?"

पल्लवीचं तोंड वेडंवाकडं झालं. ती रडली, बाबा तिच्या ताटाकडं बोट करत राहिले, आणि रडत रडत तिनं तो तुकडा उचलला. खाल्ला. मग भात ओढला. मग दुसरं कटलेट मागितलं. आपा धावत घेऊन आल्या, तेही संपलं. बाबांनी स्वतःचा अर्धा तुकडा सॉसशिवाय, सावकाश, शेवटच्या चुऱ्यापर्यंत खाल्ला. मी खांबाला धरून उभी होते, आणि वरून सर जिन्यात येऊन बसले होते.

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बाबा उठले, हात धुतले, टोपी नीट केली. "हिच्या मायीसाठी द्या दोन," आपांना म्हणाले. आपांनी चार दिली, स्टीलच्या डब्यात, खाली कागद घालून, आणि झाकण जरा उघडं ठेवा असं दोनदा बजावलं. वाफ कोंडली की मऊ पडतं.

पल्लवी त्यांच्याबरोबर दारापर्यंत गेली. तिथं तिनं वाकून नमस्कार केला आणि ती आत पळाली, कारण दुपारी तिची टेस्ट होती. बाबा जीपमध्ये पुढं जाऊन बसले, डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरला. ड्रायव्हर दोरखंड घेऊन अजून मागंच उभा होता.

"भाऊ," त्यानं विचारलं, "सामान?"

"एवढंच," बाबा म्हणाले. "हळू चालव. मुखेडपर्यंत कुरकुरीत राह्यलं पाहिजे."